जावाला वेबचं पान का जमलं नाही?



आज नेहमीच्या पाठापेक्षा वेगळा विषय घेतेय. विषय तांत्रिक आहे, पण आपल्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. आपण शिक्षक हल्ली फळ्यावर जेवढं लिहितो, जवळजवळ तेवढंच पडद्यावरच्या चौकटींमध्ये भरतो. विद्यार्थ्यांची माहिती, आधार क्रमांक, शिष्यवृत्ती, पोषण आहार, प्रशिक्षणाची नोंदणी, सगळं ऑनलाइन. आणि त्या पानांवर भेटणाऱ्या सूचना आपल्याला आता तोंडपाठ आहेत. "आपले सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा." "कृपया ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण वापरू नये." "पान रिफ्रेश करू नये."

अशी सूचना आली की आपण नेटला दोष देतो, नाहीतर स्वतःला. "मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही" असं म्हणून गप्प बसणाऱ्या कितीतरी ज्येष्ठ शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठीच हा लेख लिहितेय. मागचं बटण दाबल्यावर काम बिघडत असेल, तर चूक बटण दाबणाऱ्याची नसते. पान ज्या पद्धतीनं बांधलंय त्या पद्धतीची असते, आणि त्या पद्धतीला एक इतिहास आहे.

मला हे थोडंफार कळतं याचं कारण सांगते. डीएड झाल्यावर भरतीची वाट बघण्यात जी वर्षं गेली, त्यात मी जावाचा कोर्स केला आणि एका छोट्या कंपनीत सव्वादोन वर्षं वेबचे फॉर्म बनवण्याचं काम केलं. कोणत्याही एका पोर्टलबद्दल किंवा कंपनीबद्दल हा लेख नाही. बोलायचंय ते जावाच्या फ्रेमवर्कबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते. जावा भाषा म्हणून चांगली, भक्कम आहे. पण वेबचा पडदा बनवण्यासाठी तिच्याभोवती जी फ्रेमवर्क उभी राहिली, त्यातली बरीचशी एका चुकीच्या गृहीतावर उभी राहिली. प्रोग्रॅमरला वेब शिकावंच लागू नये, हे ते गृहीत. ती सोय प्रोग्रॅमरची झाली आणि त्रास फॉर्म भरणाऱ्याच्या वाट्याला आला.

आता फ्रेमवर्क म्हणजे काय, ते एका वाक्यात. प्रत्येक वेबसाइटला काही कामं तीच तीच लागतात, फॉर्म दाखवणं, भरलेलं तपासणं, चूक असेल तर सांगणं, पुढच्या पानावर नेणं. ही कामं आयती करून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. घर बांधताना कॉलम-बीम आधी उभे असतात आणि आपण भिंती घालतो, तसं.

दुसरी गोष्ट वेबच्या स्वभावाची, आणि ती समजली की पुढचं सगळं सोपं आहे. वेब मुळात विसरभोळं आहे. तुम्ही ब्राउझरमधून पान मागता, सर्व्हर पान देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढच्या वेळी मागाल तेव्हा तुम्ही त्याच्यासाठी नवेच. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे. म्हणून तर एक सर्व्हर लाखो लोकांना पुरतो. पानाला पत्ता असतो, तो पत्ता कुणालाही पाठवता येतो, मागे जाता येतं, दोन टॅब उघडता येतात. या स्वभावाशी जमवून घेणारी साधनं टिकली. त्याच्याशी भांडणारी साधनं अडखळत राहिली, आणि जावाची बरीच साधनं भांडणाऱ्यांत होती.

सुरुवात मात्र झोकात झाली होती. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा मुळात टीव्ही आणि घरगुती उपकरणांसाठी बनवली. तेव्हा तिचं नाव होतं ओक. १९९५ मध्ये जावा या नावानं ती बाहेर आली ती थेट ब्राउझरमध्ये, ॲप्लेट नावाचे छोटे प्रोग्रॅम घेऊन. पानाच्या आत हलणारी चित्रं, आलेख, खेळ! लोक थक्क झाले. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत ब्राउझरसाठी एक छोटी भाषा लिहिली. जावाचा गाजावाजा चालू होता म्हणून तिचं नाव ठेवलं जावास्क्रिप्ट. दोघींचं नातं नावापुरतंच. (पालकहो, क्लासच्या जाहिरातीत हे दोन शब्द एकच समजून वापरलेले दिसले तर सावध राहा.)

तेव्हा कुणालाही विचारलं असतं की ब्राउझरवर राज्य कोण करणार, तर उत्तर जावा असंच आलं असतं. झालं उलटं. ॲप्लेट चालवायला आधी जावा वेगळं बसवावं लागे, ते सुरू व्हायला वेळ घेई, आणि पानात ते पाहुण्यासारखं वेगळ्या चौकटीत बसे. शेजारच्या मजकुराशी त्याचा संबंध नाही. पुढे सुरक्षेच्या तक्रारी वाढल्या. क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये असे जोड-प्रोग्रॅम चालवणंच थांबवलं. दहा दिवसांत लिहिलेली ती भाषा मात्र आज प्रत्येक फोनच्या ब्राउझरमध्ये आहे. ती पानाच्या आतलीच होती, हे त्याचं मोठं कारण.

ब्राउझरमधून मागे हटल्यावर जावानं सर्व्हरवर ठाण मांडलं, आणि तिथं ती खरंच शोभली. आधी सर्व्हलेट आले. त्यात पानाची एकेक ओळ जावाच्या कोडमध्ये कोंबून लिहावी लागे. मग १९९९ मध्ये जेएसपी आलं, म्हणजे पानात जावा. त्यानंतर स्ट्रट्स. क्रेग मॅक्लॅनहन यांनी लिहिलेलं हे फ्रेमवर्क २००० मध्ये अपाचे संस्थेकडे आलं आणि पुढची काही वर्षं जावाचं वेब म्हणजे स्ट्रट्स असं समीकरण झालं. स्ट्रट्सनं शिस्त आणली हे मान्य. पण एक साधं पान जोडायचं तर एक जेएसपी, एक फॉर्मची फाइल, एक कृतीची फाइल आणि वर एक्सएमएलमध्ये त्या सगळ्यांची नोंद. आपल्याकडे एक खडूचा डबा खर्ची टाकायचा तर साठा रजिस्टर, व्हाउचर आणि प्रमाणपत्र लागतं ना, थेट तसं.

आणि २००४ हे वर्ष बघा. मार्चमध्ये जावाचं अधिकृत पडदा-फ्रेमवर्क आलं, जावासर्व्हर फेसेस, म्हणजे जेएसएफ. १ एप्रिलला गुगलनं जीमेल आणलं. जुलैमध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी रुबी ऑन रेल्स खुलं केलं. एका मोठ्या समितीनं ठरवलेलं प्रमाण, ब्राउझरचीच ताकद वापरणारी एक टपालपेटी आणि जवळजवळ एकट्या माणसानं काढलेलं एक सुटसुटीत साधन, तिन्ही चार-पाच महिन्यांच्या आत. पुढच्या दहा वर्षांची दिशा यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्यानं ठरवली.

जेएसएफचं नेमकं काय चुकलं? त्याची कल्पना अशी होती की वेबचं पान हे डेस्कटॉपवरच्या खिडकीसारखं वाटलं पाहिजे. प्रोग्रॅमरनं बटण ओढून आणायचं, चौकट ओढून आणायची, बटण दाबल्यावर काय करायचं ते जावात लिहायचं. मधे वेब नावाचं काही आहे हे त्याला जाणवूच नये. सननं त्यासाठी स्टुडिओ क्रिएटर नावाचं ओढा-आणि-ठेवा साधनही काढलं होतं. ऐकायला छान आहे. पण वेब विसरभोळं आणि खिडकीला तर सगळं लक्षात लागतं. मग लक्षात कोण ठेवणार? सर्व्हर. तुमच्या पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट, प्रत्येक यादी यांची एक प्रतिकृती सर्व्हर आपल्या स्मरणात बांधून ठेवतो.

हे वर्गाच्या भाषेत सांगते. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत आणि बाईंनी ठरवलं की पाट्या मुलांच्या हातात द्यायच्याच नाहीत. चाळीसही पाट्या टेबलावर. मुलानं जागेवरून सांगायचं, "बाई, माझ्या पाटीवर पाच लिहा." बाई त्याची पाटी शोधणार, पाच लिहिणार, वर करून दाखवणार. मूल म्हणालं, "नको, पुसा, सहा लिहा," की पुन्हा तेच. चाळीस मुलं एकदम बोलायला लागली तर बाईंचं काय होईल ते मी सांगायला नको. शिवाय टेबलावर जागा मर्यादित, म्हणून नियम असा की अर्धा तास एखादं मूल गप्प बसलं की त्याची पाटी पुसून टाकायची.

गंमत नाही, हे अक्षरशः असंच चालतं. टॉमकॅट नावाचा जावाचा लोकप्रिय सर्व्हर आहे, त्यात ही गप्प बसण्याची मुदत कुणी बदलली नाही तर ३० मिनिटांची असते. तुम्ही जनरल रजिस्टर उघडून मुलाची जन्मतारीख शोधताय, तेवढ्यात एक मूल पडून गुडघा फोडून आलं, त्याला मलमपट्टी केली, पालकांना फोन केला आणि परत बसलात. पाटी पुसलेली. "सत्र संपले आहे." जेएसएफच्या मूळ संचात आणखी एक मर्यादा होती, एका माणसाची ठरावीक पानंच लक्षात ठेवायची. ती संख्या १५. चार-पाच टॅब उघडून काम करणाऱ्याचं सगळ्यात जुनं पान त्यातून बाहेर फेकलं जायचं, आणि तिथलं बटण दाबलं की अनाकलनीय इंग्रजी त्रुटी.

मागच्या बटणाचंही कोडं इथंच सुटतं. मागे गेल्यावर तुमच्या ब्राउझरमध्ये जुनं पान येतं, पण बाईंच्या टेबलावरची पाटी पुढे गेलेली असते. दोघांचा मेळ बसत नाही. मी कंपनीत होते तेव्हा अशा तक्रारींवर ठरलेला उपाय एकच होता, पानावर लाल अक्षरात सूचना टाकायची. म्हणजे गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणून काचेवर "ब्रेक दाबू नये" असं लिहून ठेवायचं!

जेएसएफच्या पहिल्या आवृत्त्यांत आणखी एक विचित्र प्रकार होता. पान बदललं तरी वरच्या पट्टीतला पत्ता आधीच्याच पानाचा राही, कायम एक पाऊल मागे. मग "ही लिंक बघा" म्हणून सहकाऱ्याला पाठवली की त्याला भलतंच पान दिसे. लिंकवर राइट क्लिक करून नव्या टॅबमध्ये उघडायची सोयही नीट चालत नसे, कारण दिसायला लिंक असली तरी आतून ती फॉर्म पाठवणारी कळ असे. आणि तपासणीचं काय? दहा आकडी मोबाइल क्रमांकात नऊच आकडे टाकले, तरी सगळा फॉर्म सर्व्हरकडे जाऊन, सहा टप्पे फिरून, मग लाल अक्षरात चूक येई. मुलानं बेरीज चुकवली की आपण तिथल्या तिथे बोट ठेवतो. वही जमा करून दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्याला आपण काय विचार केला होता तेच आठवत नाही.

इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की हीच चूक मायक्रोसॉफ्टनंही केली होती. त्यांचं वेब फॉर्म्स २००२ मध्ये, म्हणजे जेएसएफच्या आधी आलं आणि कल्पना तीच, पान म्हणजे खिडकी. तेही पडद्याची सगळी आठवण एका लपवलेल्या चौकटीत भरून पानाबरोबर पाठवायचं, आणि पान फुगायचं. पण दोन फरक होते. एक, त्यांचं व्हिज्युअल स्टुडिओ हे साधन जावाच्या साधनांपेक्षा फार सुटसुटीत होतं, निदान प्रोग्रॅमरला तरी सुख होतं. दुसरा फरक मोठा आहे. २००९ मध्ये त्यांनी वेबच्या स्वभावाला धरून चालणारा दुसरा मार्ग खुला केला आणि २०१६ च्या नव्या पिढीत वेब फॉर्म्स घेतलंच नाही. जावाच्या बाजूला २००९ मध्ये जेएसएफची दुसरी आवृत्ती आली. पत्त्याचा आणि लिंकचा प्रश्न तिनं बराच सोडवला, पण पाया तोच ठेवला.

या उशिराचं कारण आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, चांगलं समजेल. जावाची प्रमाणं समितीत ठरतात. अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी बसतात, मसुदा निघतो, हरकती येतात, मग मंजुरी. अभ्यासक्रम बदलतो तसं. पान न बदलता मागच्या मागे माहिती आणण्याची पद्धत, जिला एजॅक्स म्हणतात, तिला ते नाव मिळालं २००५ मध्ये आणि जगभर तिची लाट आली. जेएसएफच्या प्रमाणात ती आली २००९ मध्ये. मधल्या चार वर्षांत वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापली ठिगळं लावली, रिचफेसेस, आइसफेसेस वगैरे, आणि एकाचं ठिगळ दुसऱ्याला बसेना. ज्यांनी रिचफेसेसवर आपली पानं बांधली त्यांचा आधार २०१६ मध्ये संपला. ती पानं काही त्या दिवशी बंद पडली नसणार. कुठेतरी कुणीतरी अजून त्यात फॉर्म भरतच असेल.

आता प्रतिस्पर्धी बघू. पीएचपी घ्या. रासमस लर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या मुखपृष्ठासाठी केलेली छोटी हत्यारं. भाषा म्हणून पीएचपी बेशिस्त आहे, जावावाले तिला हसायचे, मीही हसत असे. पण फाइल बदलली, जतन केली, ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडलं की बदल समोर. जावात तोच बदल करायचा तर कोड संकलित करा, गठ्ठा बांधा, सर्व्हरवर चढवा, सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत चहा घेऊन या. दिवसातून पन्नास वेळा हे करावं लागलं की माणूस बदल करणंच टाळतो. "चालतंय ना, राहू दे." फॉर्ममधल्या बारीक त्रुटी वर्षानुवर्षं तशाच राहतात यामागे हे फार मोठं कारण आहे असं मला वाटतं. विकिपीडिया पीएचपीवर चालतो, वर्डप्रेस पीएचपीवर आहे, आणि जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरलं जाणारं मूडलसुद्धा पीएचपीचंच आहे. यातल्या कुणी वेबला खिडकी बनवायचा हट्ट धरला नाही.

रेल्सनं दुसरीकडे जावाच्या एक्सएमएलवर नेमकं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की शंभरातल्या नव्वद गोष्टी सगळे सारख्याच करतात, तर त्या लिहायला लावू नका, संकेत ठरवून टाका. वेगळं करायचं असेल तेवढंच लिहा. आणि रेल्स एकच होतं. जावात कोणतं फ्रेमवर्क निवडायचं यावरच महिना जाई. स्ट्रट्स, टॅपेस्ट्री, विकेट, स्प्रिंग, जेएसएफ, झेडके, आणि फिनलंडहून आलेलं वाडिन. (वाडिन म्हणजे फिनिश भाषेत मादी रेनडियर. नाव गोड आहे. पण पडद्याची आठवण सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत तीच.) एका इयत्तेला एका विषयाची सात पाठ्यपुस्तकं दिली तर काय होईल?

गुगलची गोष्ट जरा वेगळी आहे आणि मला ती आवडते. त्यांनी २००६ मध्ये जीडब्ल्यूटी काढलं. पान जावात लिहा, आम्ही त्याचं भाषांतर जावास्क्रिप्टमध्ये करून देतो. म्हणजे पाटी मुलाच्या हातात दिली, पण लिहिणार बाईच! प्रत्येक ब्राउझरसाठी आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा संच तयार व्हायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी तीन भाषा आणि पाच ब्राउझर म्हटलं की पंधरा संच, आणि तोपर्यंत वाट बघा. गुगलमध्येच मिश्को हेवेरी नावाच्या अभियंत्यानं जीडब्ल्यूटीत लिहिलेलं सतरा हजार ओळींचं काम आपल्या जावास्क्रिप्टच्या साधनात तीन आठवड्यांत दीड हजार ओळींत करून दाखवलं. ते साधन म्हणजे अँग्युलर. २०१३ मध्ये फेसबुकनं रिॲक्ट खुलं केलं आणि पडदा कुणाचा हा वाद जवळपास संपला.

आपल्या मराठीचा मुद्दा या सगळ्यात मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. 'शाळा' हा शब्द घ्या. पहिलीच्या मुलाला आपण सांगतो, दोन अक्षरं. जावा मोजते चार, कारण श, काना, ळ, काना असे युनिकोडचे चार संकेत. पीएचपीचं साधं मोजणं सांगतं बारा, कारण ती बाइट मोजते. म्हणजे अक्षरांची समज जावाला जास्त. जन्मापासून ती युनिकोडवर उभी आहे. मग मराठी पानं जावात सर्वांत सुंदर व्हायला हवी होती ना? पण पडद्यावरचे शब्द ज्या फाइलींत ठेवायचे, त्या फाइली २०१७ पर्यंत, म्हणजे जावाची नववी आवृत्ती येईपर्यंत, पश्चिम युरोपीय लिपीतच आहेत असं धरून वाचल्या जात. मराठी लिहायचं तर प्रत्येक अक्षराचा सांकेतिक आकडा लिहायचा. 'शाळा' असं लिहिता येत नसे, चार आकडे लिहावे लागत. आकड्यांत बदलून देणारं वेगळं हत्यार जावाबरोबर यायचं. पण एकदा आकडे झाले की वाचणार कोण? ऱ्हस्व-दीर्घाची चूक पकडणार कोण? मराठीचा जाणकार ती फाइल उघडून काहीच सांगू शकत नसे. सरकारी पानांवर 'विद्यार्थि' आणि 'माहीती' बघून आपण चिडतो, तेव्हा यातलं काही थोडं कारण तिथंही असू शकतं.

फॉर्ममध्ये भरलेल्या नावांचंही तसंच. ब्राउझरनं अक्षरसंच सांगितला नाही आणि प्रोग्रॅमरनंही मुद्दाम सांगितला नाही, तर सर्व्हलेटच्या नियमानुसार मजकूर त्याच युरोपीय लिपीत आहे असं समजलं जायचं. मग 'ज्ञानेश्वरी'चं काय व्हायचं? विचित्र चिन्हांची रांग, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. बिचाऱ्या पीएचपीला अक्षरं कळत नव्हती, पण म्हणूनच ती जशी आली तशी पुढे द्यायची, मोडायची नाही.

सुरक्षेबद्दल एकच उदाहरण देते, कारण ते मोठं आहे आणि आपण मुलांची माहिती भरतो म्हणून ते लक्षात ठेवावं. मार्च २०१७ मध्ये स्ट्रट्सच्या दुसऱ्या पिढीत एक गंभीर त्रुटी सापडली. फाइल चढवण्याच्या भागात होती. दुरुस्तीही लगेच मिळाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीनं ती वेळेत बसवली नाही. मे ते जुलै चोर आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दोष कंपनीच्या हलगर्जीचा आहे, हे खरं. पण वर सांगितलेलं आठवा. जिथं बदल करणं इतकं जड आहे, तिथं माणसं "चालतंय ना" म्हणतात.

कुणी म्हणेल, मॅडम, तुम्ही जावाच्या मागेच लागलात. तसं नाही. सर्व्हरच्या मागच्या बाजूला, हिशेब, बँका, मोठे व्यवहार, तिथं जावा आजही भरवशाची आहे. वीस वर्षांपूर्वीचा कोड आज चालतो, हे पीएचपी किंवा जावास्क्रिप्टवाल्यांना छाती ठोकून सांगता येणार नाही. अँड्रॉइड फोन जावावरच उभे राहिले. आणि जावास्क्रिप्टच्या बाजूला सगळं गोडगोड आहे असंही नाही. तिथं दर दोन वर्षांनी नवं साधन येतं. अँग्युलरची पहिली पिढी आणि दुसरी पिढी यांत इतका फरक की जुनं काम जवळपास पुन्हा लिहावं लागलं. सगळं काम ब्राउझरवर टाकल्यामुळे स्वस्त फोनवर पान उघडायलाच मिनिट जातं, तेही आपण अनुभवतो. पाटी मुलाच्या हातात दिली हे बरोबर, पण ती दगडी आणि दहा किलोची असू नये.

तरीही आज जावाच्या नव्या कामांत काय दिसतं? मागे जावा, पुढे पडद्यावर जावास्क्रिप्ट. जावानं माहिती द्यायची आणि ती कशी दाखवायची हे ब्राउझरजवळच्या साधनानं ठरवायचं. जेएसएफ अजून आहे, जकार्ता फेसेस या नव्या नावानं, जुन्या कामांची देखभालही चालू आहे. पण नव्यानं सुरुवात करणारी फार थोडी माणसं तिकडे वळताना मला दिसतात.

पालकांसाठी. आठवी-नववीच्या मुलाला जावाचा क्लास लावू का, असं विचारलंत तर मी नाही म्हणेन. जावा वाईट म्हणून नव्हे. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट शिकायला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो, विकत काही घ्यावं लागत नाही, आणि लिहिलेलं लगेच समोर दिसतं. त्यातून मुलाला वेबचा स्वभाव कळतो. जावा कॉलेजात येणारच आहे, तेव्हा ती मन लावून शिकू दे.

आणि शिक्षकांसाठी, विशेषतः ज्यांच्या शाळेचं प्रवेशाचं किंवा फीचं संकेतस्थळ कुणाकडून तरी बनवून घ्यायचं चाललंय त्यांच्यासाठी. बनवणारा कोणती भाषा वापरतोय हे विचारून आपल्याला काही कळणार नाही. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून फॉर्म अर्धा भरा आणि मागचं बटण दाबा. पुन्हा पुढे या. भरलेलं आहे का बघा. मग तसाच सोडून पाऊण तास दुसरं काम करा आणि येऊन जतन करा. दोन टॅबमध्ये दोन मुलांचे फॉर्म उघडा आणि एकाची माहिती दुसऱ्यात जात नाही ना ते तपासा. हे सगळं त्याच्या लॅपटॉपवर नको, आपल्या शाळेच्या आवारात, आपल्याच फोनवर, एक कांडी रेंज असताना करा. शेवटी नावाच्या चौकटीत 'कृष्णाजी ज्ञानदेव' असं लिहून जतन करा, पान बंद करा आणि पुन्हा उघडा.